मुलाच्या आजारावर संशोधन करताना बाबा सुटतात, ते या चुकांमुळे

टाइप १ मधुमेह, थॅलेसेमिया, दमा, अपस्मार असे वर्षानुवर्षं चालणारे आजार असलेल्या मुलांच्या कुटुंबांवरचे अभ्यास वाचताना एक गोष्ट वारंवार खटकते. शीर्षकात ‘पालक’ असतं, आत बघावं तर उत्तरं बहुतेक आयांची. फक्त आयांशी बोलला असाल तर शीर्षकातच तसं लिहा.

कोकणात ही चूक सहज होते. सकाळी अकरा वाजता वाडीत गेलं की आई आणि आजी भेटतात. बाप समुद्रात, बागेत नाहीतर मुंबईत. दोन फेऱ्या झाल्या की आपण ‘वडील उपलब्ध नाहीत’ असं लिहून मोकळे होतो. आपण ठरवलेल्या वेळेला ते घरी नव्हते, एवढंच खरं असतं. यांत्रिक बोटींची मासेमारी साधारणपणे १ जून ते ३१ जुलै बंद असते. खलाशांच्या मुलाखती तेव्हा ठेवा. आंबा बागायतदाराकडे एप्रिल-मेमध्ये जाऊच नका. चाकरमानी बापाला रात्री जेवणानंतर फोन करा. गणपतीत गाठू म्हणाल तर भरल्या घरात तो मोकळेपणाने बोलणार नाही.

निरोप आईच्या हाती पाठवू नका. ‘ह्यांना सांगते’ म्हणते ती, आणि विषय तिथेच संपतो. बापाचा नंबर घ्या, त्याचं नाव घेऊन बोलवा. संमतीपत्राचंही तेच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कमी जोखमीच्या अभ्यासाला सहसा एका पालकाची संमती पुरते. मुलाला सामील करायला ती पुरेशी आहे. बापाची मुलाखत घ्यायची तर त्याची स्वतःची संमती वेगळी घ्यावीच लागते.

सगळ्यात मोठी चूक प्रश्नावलीत असते. मालवणकडच्या एका घरात मी विचारलं, ‘इन्सुलिन कोण देतं?’ आई. ‘साखर कोण तपासतं?’ आई. बापाच्या रकान्यात शून्य. तो पडवीत जाळं सांधत बसला होता. ‘तिका इचारा, माका काय कळता,’ म्हणाला. निघताना सहज विचारलं, औषध आणतं कोण? तेव्हा त्याने मासळीचा छोटा थर्माकोलचा डबा दाखवला: तळाशी बर्फ, वर जाड टॉवेल, त्यावर इन्सुलिनची खोकी. ‘बरफ थेट लागलो तर औषध फुकट जाता.’ बरोबरच होतं ते, गोठलेलं इन्सुलिन वापरता येत नाही. माझ्या प्रश्नावलीत या कामाला जागाच नव्हती. अशा बऱ्याच प्रश्नावल्या आयांना समोर ठेवून बेतलेल्या असतात. म्हणून औषध आणणं, उधारी, दवाखान्यापर्यंतची गाडी, रात्रीचं जागरण हेही विचारा. ‘तुम्हाला कसं वाटतं?’पेक्षा ‘परवा साखर उतरली तेव्हा तुम्ही काय केलंत?’ असं विचारलं की बाप बोलतात. शक्यतो बायकोसमोर बसवून नको, जेटीवर चालत बोललात तरी चालेल.

विश्लेषणात आईबापांच्या उत्तरांची सरासरी काढू नका, त्यांच्यातली तफावतच महत्त्वाची असते. आणि एकाच घरातली दोन उत्तरं परस्परांपासून स्वतंत्र धरू नका. जोडी म्हणूनच तपासा.

काही घरांत बाप नसतोच, मामा किंवा आजोबा त्याची कामं करतात. ती कोण करतं ते आधी विचारा. अहवालात किती बापांना विचारलं, किती नाही म्हणाले आणि किती जणांना आपण विचारलंच नाही, हे तिन्ही आकडे वेगवेगळे द्या.