वेळासला पथक नेताना

मी वाईजवळच्या एका शाळेत गाईड कॅप्टन आहे. आठवी-नववीच्या स्काउट-गाईडना घेऊन आजवर पाच वेळा वेळासला, कासवांच्या कामात मदत करायला गेले. दरवर्षी दुसऱ्या शाळांतले शिक्षक विचारतात, तिथे मुलांना नेमकं काम काय द्यायचं? म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

वेळास रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात आहे. पूर्वी या किनाऱ्यावरची कासवांची अंडी काढून नेली जात. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने, भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने आणि गावकऱ्यांना सोबत घेऊन, घरटी राखायला सुरुवात केली. आता वनविभाग आणि गावातले कासवमित्र ते काम करतात. येणारी कासवं ऑलिव्ह रिडले जातीची. मादी साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री वाळूत चढते, हात-दीड हात खोल खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते आणि परत जाते. पुन्हा कधी बघायलाही येत नाही. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वर येतात. म्हणून पिल्लं बघायची तर फेब्रुवारीअखेर ते एप्रिल. मुलांना आधीच स्पष्ट सांगा की पिल्लं दिसतीलच असं नाही. किमान दोन रात्रींचा मुक्काम ठेवा. एका वर्षी आम्ही एकच रात्र राहिलो आणि घरट्यांवर पालथी घातलेली एकही टोपली हलली नाही. परतताना गाडीत मुली रडल्या. चूक माझ्या नियोजनाची होती.

तयारी दोन महिने आधी सुरू करा. मुख्याध्यापकांची परवानगी, पालकांची संमतिपत्रं आणि वनविभागाला पत्र. पत्रात मुलांची संख्या आणि तारखा तर द्याच, शिवाय ‘आम्ही तुम्ही सांगाल ते काम करू’ हे वाक्यही लिहा. दोन संघ, म्हणजे सोळा मुलं, पुरे. त्याहून जास्त नेली तर मदत राहते बाजूला, गर्दीच वाढते. राहायची-जेवायची सोय गावातल्या घरांतच करा. कासवांमुळे गावात चार पैसे आले तर कासवं टिकतात, हे मुलांना तिथे आंबोळी खाताना आपोआप कळतं.

भरतीचा हिशोब मुलांकडूनच करून घ्या. कोकणातला जुना आडाखा असा, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. थोडा मागेपुढे होतो, पण किनाऱ्यावर कधी उतरायचं आणि कधी मागे सरायचं ते ठरवायला पुरतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात वाळूची पट्टी अरुंद होते, तेव्हा मुलांना सुरूच्या झाडांच्या कडेलाच ठेवा. घाटावरची आमची मुलं समुद्राला नदीसारखंच समजतात. घोट्याच्या वर पाणी नाही, हा नियम मी शिट्टी वाजवून पाळायला लावते आणि दर अर्ध्या तासाला संघनायकाकडून मोजणी घेते.

सामान थोडंच लागतं. गडद कपडे, हातमोजे, गोणी, पंधरा-वीस मीटर दोरी, वही-पेन्सिल आणि विजेरी. विजेरीच्या काचेवर लाल जिलेटिन कागदाचे तीन थर रबराने बांधायचे. हे का, ते मी चुकून शिकले. पहिल्या वर्षी संध्याकाळी उशिरा पिल्लं सोडली. अंधार पडत होता, मुलांना नीट दिसावं म्हणून मी पांढरी विजेरी लावली. पाण्याकडे निघालेली सात-आठ पिल्लं जागीच वळली आणि माझ्या पायांकडे येऊ लागली. कासवमित्र काका शांतपणे म्हणाले, “बाई, दिवा मालवा आधी.” पिल्लू उजेडाच्या बाजूने चालतं, कारण मोकळ्या किनाऱ्यावर समुद्राचं क्षितिज सगळ्यात उजळ असतं. ती पिल्लं पुन्हा वळेपर्यंतची पाच मिनिटं मला अजून आठवतात. त्या चार बोटांच्या जिवाकडे पोटातल्या बलकाची थोडीच शिदोरी असते, आणि तीही मी वाया घालवत होते.

आता खरी कामं.

पहाटेची गस्त कासवमित्रांची असते. त्यांनी बोलावलं तरच दोन-तीन मुलं त्यांच्या मागे पाठवा. ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग वाळूत दिसतो, पाण्यातून वर आणि वरून पाण्यात. अंडी शोधणं आणि उचलणं हे काम त्यांचंच. घातल्यावर काही तासांत अंड्यातला जीव कवचाला धरतो, नंतर अंडं फिरलं तर तो मरतो. म्हणून अंडी ज्या बाजूने होती तशीच, हलक्या हाताने, किनाऱ्यावर घरटी राखायला केलेल्या कुंपणातल्या तेवढ्याच खोल खड्ड्यात जातात. मुलांनी वहीत तारीख, जागा, वेळ लिहावी. नोंद झाली की माग पुसणं हे मुलांचं काम.

किनारा साफ करताना प्लॅस्टिक, थर्माकोल, बाटल्या गोणीत भरायच्या. वाळूत रुतलेलं जाळं ओढायचं नाही, खाली घरटं असू शकतं. काठी रोवून खूण करायची आणि काकांना सांगायचं. जाळ्यात अडकलेलं किंवा जखमी कासव दिसलं तर त्याला पाण्यात ढकलू नका. सावली करा, लोकांना लांब ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

पिल्लं सोडताना मुलांची सगळ्यात जास्त गरज लागते. सकाळ-संध्याकाळ टोपल्या उघडतात तेव्हा शे-दोनशे माणसं जमतात. दोरी धरून उभं राहणं, हे काम. मी मुलांना घरूनच वाक्यं पाठ करून आणते: “काका, फ्लॅश बंद करता का?”, “ताई, बाळाला दोरीच्या मागे घ्या ना.” आवाज न चढवता, हसून. गणवेशातल्या मुलीने असं म्हटलं की मोठी माणसं ऐकतात, हा माझा अनुभव आहे. पिल्लांच्या वाटेवर माणसाचं एक पाऊल उमटलं तरी त्यांना तो खड्डाच. म्हणून आधी दोन मुलांनी फळीने वाळू सपाट करायची आणि उलट्या पावली मागे यायचं.

आणि हात मागे. हे शिकवायला सगळ्यात अवघड. स्काउटला मदतीला धावायची सवय असते, आणि समोर पिल्लू उलटं पडतं, लाट त्याला परत फेकते. आमच्या एका मुलाने न राहवून पिल्लू उचललं आणि थेट पाण्यात ठेवलं. मी त्याला रागावले नाही, कारण त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. त्याला शेजारी बसवून सांगितलं की मोठ्या झालेल्या माद्या अनेकदा जन्मलेल्या किनाऱ्याच्या परिसरातच अंडी घालायला येतात, आणि वाळूवरची ही चाल त्या किनाऱ्याची ओळख पटवत असावी असं अभ्यासक मानतात. चाल आपण उचलून द्यायची नाही. काकांनी सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही. पुढच्या वर्षी तोच मुलगा दोरीच्या टोकाला उभा राहून लहानांना हे समजावत होता.

रात्री जेवणानंतर नकाशा उघडा. मार्च २०२१ मध्ये ओडिशातल्या गहिरमाथ्याला खूणपट्टी लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. मुलांना दोऱ्याने तो प्रवास मोजायला लावा, श्रीलंकेला वळसा घालून. २०२३ मध्ये गुहागरहून उपग्रह यंत्र लावून सोडलेली बागेश्री अशीच श्रीलंकेच्या खालून बंगालच्या उपसागरात गेली होती.

निघायच्या दिवशी पिल्लं निघून गेलेलं घरटं काका उकरतात. फुटलेली टरफलं आणि न उबलेली अंडी वेगळी मोजायची, टक्केवारी काढायची. गणिताची इतकी मन लावून केलेली उदाहरणं मी वर्गात पाहिलेली नाहीत. वहीची एक सुवाच्य प्रत तिथेच उतरवून काकांच्या हाती द्या, गाडी सुटायच्या आधी. “पोस्टाने पाठवतो” म्हटलेली प्रत आमच्याकडून एकदा दिवाळीनंतर गेली, तोवर पुढचा हंगाम सुरू झाला होता.