चेक इंजिनचा कोड आला? या चुका टाळा

आमच्या गॅरेजला महिन्यात तीन-चार जण तरी असे येतात की हातात नव्या पार्टचा रिकामा खोका आणि डॅशबोर्डवर तोच पिवळा दिवा. ऑनलाइन स्वस्तातलं ब्लूटूथ डोंगल घेतलेलं असतं, मोबाईलवर बिघाडाचा कोड वाचलेला असतो आणि त्यापुढे ज्या पार्टचं नाव दिसलं तो बदलून मोकळे. अहो, कोड म्हणजे एफआयआर आहे, निकाल नाही! ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, एवढंच कळतं की या सर्किटमध्ये काहीतरी गडबड आहे, ती सेन्सरची का वायरची का फ्यूजची हे त्याला बऱ्याचदा दिसतच नाही.

गेल्या पावसाळ्यात एक दादा हॅचबॅक घेऊन आले. कोड पी०१३५, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा डबा) आधीचा जो ऑक्सिजन सेन्सर असतो त्याच्या हीटर सर्किटची तक्रार. सर्किटची, हा शब्द लक्षात ठेवा. दादांनी सेन्सर बदलला, कोड परत आला, मग "डुप्लिकेट लागला वाटतं" म्हणून दुसरा बदलला, कोड परत आला. मी सेन्सरचा कपलर, म्हणजे वायरचा प्लग, काढला, इंजिन चालू ठेवून वायरिंगच्या बाजूला टेस्ट लॅम्प लावला, लॅम्प लागलाच नाही. सप्लायच नाही तर सेन्सर सोन्याचा लावा, गरम होणार कसा? फ्यूज ठीक होता, मग वायर चाचपत मागे गेलो तर बॅटरीच्या ट्रेखाली लेंड्या आणि उंदराने साफ तोडलेली वायर. सोल्डर मारला, हीट श्रिंक चढवली, विषय संपला. दादांचा मूळ सेन्सर डिकीतच पडला होता, मल्टिमीटर लावून बघितला तर हीटर ठणठणीत. दादा काही बोलले नाहीत, मीही नाही, चहा मागवला.

माझी सवय अशी की आधी फ्यूज, मग कपलर काढून पिना हिरव्या पडल्यात का बघायचं, मग वायर हाताने हलवून बघायची. पार्टला हात सगळ्यात शेवटी. आणि तुटलेल्या वायरला नुसती टेप गुंडाळून देणाऱ्यांबद्दल मी इथे लिहीत नाही, शिव्या येतील.

दुसरी चूक म्हणजे बघायच्या आधीच कोड उडवणं. दिवा गेला की गाडी बरी झाली असं वाटतं लोकांना. कोडबरोबर फ्रीझ फ्रेम पण उडते हो, म्हणजे फॉल्ट आला तेव्हा आरपीएम किती, इंजिन थंड होतं का गरम, स्पीड किती, ही सगळी माहिती. "चढावर गरम झाल्यावरच येतो" हे त्यातून पाच मिनिटांत कळलं असतं, आता मी तुमची गाडी घेऊन दोन दिवस घाटात फिरू का? आधी फोटो काढा, मग काय ते करा. आणि गाडी विकायच्या आदल्या रात्री कोड उडवून आणणाऱ्या हुशार मंडळींना सांगतो, रेडीनेस मॉनिटर, म्हणजे गाडीने आपल्या सिस्टिम स्वतः तपासून झाल्यात का याच्या नोंदी, पण रिसेट होतात. जुनी गाडी घेताना मी तेच आधी बघतो. बरेचसे अपूर्ण दिसले की एकतर बॅटरी नुकतीच काढलीये नाहीतर कोणीतरी पाटी पुसलीये.

बाकीच्या पटापट. पी०३०१, म्हणजे एक नंबरच्या सिलिंडरचा मिसफायर (पेट्रोल नीट न जळणं), आला तर त्याची ठिणगी पाडणारी कॉइल तीन नंबरवर टाका, कोड पी०३०३ झाला तर कॉइल गेली, फुकटात कळतं. दिवा लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका, न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जळतो. पी०४२०, म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नाही असा कोड, दिसला की लगेच महागडा कन्व्हर्टर मागवू नका, आधी एक्झॉस्ट लीक आणि मिसफायर बघा. यू ने सुरू होणारे, म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांचं आपसातलं बोलणं तुटल्याचे, सात-आठ कोड एकदम आले तर घाबरायच्या आधी बॅटरी चेक करा. पी१ वाले बरेच कोड प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, दुसऱ्या गाडीचा यूट्यूब व्हिडिओ बघून आपली उघडू नका.

आणि ते डोंगल काम झालं की काढा बाबांनो. ओबीडी पोर्टच्या, म्हणजे डोंगल लावतो त्या सॉकेटच्या, १६ नंबर पिनला चावी बंद असली तरी बॅटरीचा सप्लाय चालू असतो. एकजण पंधरा दिवस तसंच ठेवून गावाला गेला, आल्यावर पहिला फोन मला, "गाडी स्टार्टच होत नाहीये, काय कोड असेल?"