गोव्यात बिऱ्हाड मांडताय? आधी घर पावसाला तयार करा

सोलापूर, सांगली, लातूरकडून नोकरीधंद्यासाठी गोव्यात येणारी कुटुंबे माझ्याकडे भाड्याचे घर, मुलांची शाळा, बाजाराचे दिवस अशी सगळी चौकशी करतात. घरात होणाऱ्या अपघातांबद्दल मात्र सहसा कोणी विचारत नाही. घर कसे सांभाळायचे ते आपल्याला ठाऊक आहे, असे प्रत्येकाला वाटते. घाटावर ते ठाऊक असतेही, पण त्या सवयी कोरड्या हवेतल्या. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. भिंती ओल धरतात, पायऱ्यांवर शेवाळ चढते, साप आणि उंदीर कोरडी जागा शोधत घराकडे येतात. मी फोंड्यात राहते त्याला आता बरीच वर्षे झाली. आजूबाजूला पाहिलेले बहुतेक अपघात या ओलीतूनच आलेले आहेत.

मे महिन्यात इथल्या घरांत पुरुमेंताची धांदल असते. सुकी मासळी, कोकम, मिरच्या, तांदूळ असे पावसाळ्याचे सामान भरून ठेवतात. घराच्या सुरक्षिततेची कामेही त्याच दिवसांत उरकायला हवीत. एकदा पाऊस लागला की इलेक्ट्रिशियन आणि कौले चाळणारा, दोघेही हाती लागत नाहीत.

सगळ्यात आधी वीज. जुने चिऱ्याचे, म्हणजे जांभ्या दगडाचे, घर भाड्याने घेत असाल तर रंग आणि फरशी पाहण्यापूर्वी मेन बोर्ड पाहा. तिथे आरसीसीबी आहे का, हे विचारा. वीज कुठे गळत असेल, म्हणजे ओल्या भिंतीतून किंवा माणसाच्या अंगातून जमिनीत जात असेल, तर हे उपकरण क्षणार्धात पुरवठा तोडते. साधा एमसीबी हे काम करत नाही. तो जास्त भार आणि शॉर्टसर्किट यांवर पडतो. माणसांच्या संरक्षणासाठी आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा घ्यावा. त्यावर ‘टेस्ट’ असे बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबून तो खरोखर पडतो का ते बघा. घरमालक खर्चाला तयार नसेल तर स्वतः बसवा, असेच माझे सांगणे आहे. दुसऱ्या कुठल्याही वस्तूआधी हा खर्च करा.

अर्थिंगचेही तसेच. चिऱ्याची जमीन उन्हाळ्यात खोलवर कोरडी होते आणि अर्थिंग दुबळे पडते. परसात अर्थिंगचा खड्डा असतो, त्यात उन्हाळाभर अधूनमधून पाणी घालावे लागते, आणि पावसाआधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्यावे लागते. गीझर, फ्रिज, वॉशिंग मशीन किंवा विहिरीच्या पंपाला हात लावताच झिणझिण्या आल्या तर ‘चप्पल घालून वापरू’ म्हणून पुढे जाऊ नका. मेन बंद करा आणि माणूस बोलवा. पाणी तापवायचा रॉड बादलीत असताना, स्विच बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालून पाहायचे नाही.

कपडे वाळत घालायला लोखंडी तार बांधू नका, ही सूचना नव्या बायकांना मी आवर्जून करते. पावसात कपडे पडवीत किंवा छपराखाली येतात, आणि तिथूनच बऱ्याचदा विजेची सर्व्हिस वायर गेलेली असते. तिचे आवरण कुठे सोलवटले असले की वाळत घालायची तार, पत्रा आणि ओला कपडा सगळेच जिवंत होते. नायलॉनची दोरी बांधा, तीही वायरपासून लांब. वादळात माड पडून तारा तुटतात. अशी तार रस्त्यावर किंवा अंगणात दिसली तर काठीनेसुद्धा हलवू नका. लोकांना लांब थांबवा आणि १९१२ वर वीज खात्याला कळवा.

सापांबद्दल घाबरवायचे नाही, पण नीट सांगायला हवे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप गोव्यात आहेत. फुरसे लहान असते, चिऱ्यांच्या ढिगात आणि गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, फटींत बसते. घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसते. मण्यार रात्री हिंडते; जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावते तेव्हा कधी कधी दुखतही नाही आणि खूणही नीट दिसत नाही. म्हणून पावसाळ्यात खाली अंथरूण घालू नका. खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचून घ्या. त्याने डेंग्यूचे डासही लांब राहतात, पण डेंग्यूचा डास दिवसा चावतो, तेव्हा दुपारी झोपणाऱ्या बाळालाही मच्छरदाणी लावा. जळाऊ लाकडे, नारळाची सोडणे, जुनी कौले यांचा ढीग भिंतीला लागून ठेवू नका. रात्री अंगणात टॉर्चशिवाय पाऊल टाकू नका, आणि दाराबाहेर ठेवलेले बूट झटकून मगच घाला.

साप चावलाच, तर घट्ट दोरी बांधणे, कापणे, विष चोखणे, पाला चोळणे यांतले काहीही करायचे नाही. अंगठी, बांगड्या काढा, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, माणसाला चालवू नका, चावल्याची वेळ लक्षात ठेवा आणि थेट सरकारी रुग्णालय गाठा. साप मारून सोबत न्यायची गरज नसते. या चारही सापांवर चालणारे विषरोधक इंजेक्शन एकच आहे. बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज, म्हापशाचे उत्तर गोवा आणि मडगावचे दक्षिण गोवा जिल्हा रुग्णालय यांपैकी तुम्हाला जवळचे कोणते, तो रस्ता एकदा दिवसा जाऊन पाहून ठेवा.

उंदरांसाठी आणलेल्या औषधाची मला सापाहून जास्त भीती वाटते. काही पेस्टमध्ये पिवळा फॉस्फरस असतो. ती पोटात गेल्यावर मूल सुरुवातीला उलट्या करते, मग एखाद-दोन दिवस बरे दिसते, आणि नंतर यकृत निकामी होऊ लागते. त्यामुळे मूल खेळत असले तरी थांबायचे नाही, लगेच रुग्णालयात न्यायचे. मीठपाणी पाजून उलटी काढायची नाही. लहान मुले असतील तर पिंजराच लावा. फिनेल, ॲसिड, रॉकेल आणि पाहुण्यांसाठी आणलेली फेणीसुद्धा पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून ठेवू नका.

मुलांच्या बाबतीत आणखी एक खास इथली गोष्ट. मार्च ते मे काजूचा हंगाम. मुले बोंडू, म्हणजे काजूचे फळ, खातात ते ठीक, पण कच्ची बी दातांनी फोडायला जातात. तिच्या सालीतल्या चिकाने ओठ आणि तोंड भाजून निघते. घरी बिया भाजणार असाल तर अंगणात, वारा पाठीमागून येईल असे उभे राहून भाजा. त्या पेट घेतात आणि तेल उडते. कुठल्याही भाजण्यावर वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटे धरायचे. हळद, टूथपेस्ट, बर्फ काही लावायचे नाही.

जुन्या घरांच्या विहिरींचे कठडे बुटके असतात. वर लोखंडी जाळी आणि तिला कुलूप हवे. उन्हाळ्यात नळाचे पाणी कमी येते म्हणून आपण पिंपे भरून ठेवतो, त्यांनाही घट्ट झाकण लावा, कारण रांगणारे मूल अर्ध्या बादलीतही बुडू शकते. चिऱ्याच्या पायऱ्यांवर ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासले की शेवाळ जाते. सासू-सासरे सोबत असतील तर न्हाणीघरात धरायला दांडा बसवा. माडाखाली मुलांची सायकल आणि बाळाची गाडी उभी करू नका, आणि पाडेलीला, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणाऱ्याला, ठरलेल्या वेळी बोलावून नारळ व सुके चुडत (झावळ्या) उतरवून घ्या.

गॅसचे नियम सगळीकडे सारखेच, फक्त इथे पावसाची झड आत येते म्हणून स्वयंपाकघराच्या खिडक्या चार महिने बंद राहतात. सिलिंडरचा वायू हवेपेक्षा जड असतो, तो खाली साचतो. वास आला की कुठलेही बटण चालू किंवा बंद करायचे नाही, दारे उघडायची, रेग्युलेटर बंद करायचा, बाहेर जाऊन १९०६ वर फोन करायचा. बंद न्हाणीघरात गॅस गीझर नको. कपडे वाळवायला बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडीही नको. दोन्हींतून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आता पत्त्याचे. १०८ वर रुग्णवाहिका येते, पण वाड्यांमध्ये घरांचे क्रमांक ओळीने सापडतीलच असे नाही. तेव्हा गाव, वाडा आणि जवळचे देऊळ, चॅपेल किंवा खुरीस (रस्त्याकडेचा क्रूस), असा पत्ता कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा आणि मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. शेजारी रात्री गाडी काढू शकेल असे कोण आहे, हे पहिल्याच आठवड्यात विचारून त्यांचा नंबर घ्या. इथले शेजारी मदतीला येतात, फक्त ओळख आधी करून ठेवावी लागते.

चतुर्थीला किंवा दिवाळीला गावी जाताना मेन स्विच बंद करा, रेग्युलेटर काढून सिलिंडरला टोपी लावा आणि एक चावी शेजारी ठेवा. परत आल्यावर दार उघडले की आधी खिडक्या उघडा, वास घ्या, कोपरे टॉर्चने पाहा. भिंतीला ओल आली असेल तर मेन चालू करायच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, मग त्या रात्री शेजाऱ्यांकडे झोपावे लागले तरी चालेल.