रेडिओ सोडून स्वतःचा ऑडिओ व्यवसाय करताय? या चुका टाळा

एफएमवर वर्षानुवर्षं सकाळचा शो केलेल्या माणसाकडे आवाज असतो, वेळेचं भान असतं, श्रोतेही असतात. तरी नोकरी सोडून पॉडकास्ट, ऑडिओबुक, जाहिरातींचे आवाज असं काही सुरू केलं की घोडं अडतं. बोलण्यात नाही, स्टेशनात जी कामं दुसरं कुणी निस्तरत होतं, त्यांत.

सगळ्यात महाग चूक म्हणजे शो आपलाच समजणं. 1952 साली रेडिओ सिलोनवर सुरू झालेली 'बिनाका गीतमाला' लोकांच्या मनात निवेदक अमीन सयानींची होती, पण नाव टूथपेस्टचं होतं. पुढे टूथपेस्ट 'सिबाका' झाली, तशी गीतमालाही 'सिबाका'. आजही वेगळं नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, वेगळा करार नसेल तर नोकरीत केलेल्या कामाचा पहिला हक्क नोकरी देणाऱ्याचा. त्यामुळे शोचं नाव, सिग्नेचर ट्यून, घेतलेल्या मुलाखती पेन ड्राइव्हवर घरी आणून यूट्यूबवर टाकू नका. राजीनाम्याआधीच काय वापरता येईल ते लेखी मागून घ्या. नंतर कोण दाद देतं?

दुसरी चूक गाण्यांची. स्टेशनकडे प्रक्षेपणाचे परवाने असतात; ते तुमच्या पॉडकास्टला लागू होत नाहीत. गीतकार-संगीतकारांचा हक्क वेगळा, ध्वनिमुद्रणाचा वेगळा, आणि दोन्हींची परवानगी लागते. 'पंधरा सेकंद चालतात' ही निव्वळ अफवा आहे, कायद्यात सेकंदांची सूट कुठेच नाही. एखाद्या होतकरू संगीतकाराकडून मानधन देऊन, लेखी करार करून स्वतःची धून बनवून घ्या.

मग तक्रार येते: 'स्टेशनवर आवाज भारदस्त यायचा, घरी पिचका येतो.' तिथे ट्रान्समीटरच्या आधी प्रोसेसर बसलेला असतो, तो आवाजाला वजन देतो. घरी माईक तोंडापासून वीतभर, किंचित तिरका ठेवा. रेकॉर्डिंगची पातळी उणे 6 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. पॉडकास्टची अंतिम फाइल स्टिरिओ असेल तर उणे 16 एलयूएफएसच्या (कानाला एकूण किती मोठं ऐकू येतं, त्याचं माप) आसपास, मोनो असेल तर उणे 19. आवाज घुमत असेल तर सॉफ्टवेअरशी झटापट नको. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्यासमोर बसा, जाड रजई मागे टांगा. भिंतीवर चिकटवलेला पातळ फोम फक्त वरच्या पट्टीतला घुमारा कमी करतो. पंख्याची घरघर काढायला नॉइज रिडक्शन जोरात लावलं की माणूस टाकीत बसून बोलतोय असं वाटतं. त्यापेक्षा पंखा बंद करा, घाम आला तरी चालेल.

बोलण्याची लकबही बदलावी लागते. 'बाहेर काय मस्त पाऊस पडतोय!' हे वाक्य कुणीतरी मे महिन्यात ऐकणार आहे. दोन गाण्यांमधल्या लिंकची, म्हणजे छोट्या निवेदनाची, घाईही आता नको. पॉडकास्ट ऐकणाऱ्याने तो स्वतः निवडून लावलाय, त्याला ओरडून थांबवायची गरज नाही.

राहिला पैसा. पगाराची सवय असलेला निवेदक ऑडिओबुकचा दर स्टुडिओत बसलेल्या तासांवर सांगतो आणि चुका काढण्याचे, संपादनाचे तास फुकट देतो. दर तयार झालेल्या ऑडिओच्या तासावर ठरवा, आणि त्यात संपादन धरलंय की नाही ते लिहून ठेवा. जाहिरातीच्या करारात 'सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी' असं दिसलं तर सही करण्याआधी माध्यमं आणि मुदत नेमकी लिहून मागा. तुमच्या आवाजावरून एआय आवाज बनवायचा असेल तर त्याचा करार वेगळा, दरही वेगळा.