वॅटवरून युनिट: घरातल्या उपकरणांचा विजेचा हिशेब कसा मांडायचा

गीझरवर २००० वॅट लिहिलेले असते, फ्रिजवर १५०, पंख्यावर ७५. म्हणून गीझर सगळ्यात जास्त वीज खातो असे वाटते आणि पंख्याकडे कोणी बघत नाही. पण वॅट म्हणजे वीज खाण्याचा वेग, आणि बिल येते ते एकूण किती वीज खाल्ली त्याचे. गाडीचा काटा ८० वर आहे एवढ्यावरून ती किती किलोमीटर चालली ते कळत नाही. त्यासाठी वेळ माहीत असावा लागतो, तसेच हे आहे.

मूळ सूत्र एकच: वॅट × तास ÷ १००० = युनिट. मीटरवर आणि बिलावर ज्याला केडब्ल्यूएच म्हणतात, तेच एक युनिट. ७५ वॅटचा पंखा रोज १२ तास चालला तर महिन्याला ७५ × १२ × ३० ÷ १००० = २७ युनिट. तेवढाच वेळ २८ वॅटचा बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या मोटरचा) पंखा लावला तर १० युनिट. जी वस्तू चोवीस तास चालू असते तिच्यासाठी सोपी युक्ती आहे: वॅटला ०.७२ ने गुणा, महिन्याचे युनिट मिळतात. सेट टॉप बॉक्स आणि राउटर मिळून २० वॅट घेत असतील तर १४.४ युनिट. टीव्ही रिमोटने बंद केला तरी भिंतीवरचे बटण चालू असेल तर यातले बरेचसे चालूच राहते.

हे सूत्र पंखा, दिवे, टीव्ही यांना सरळ लागू पडते. घोटाळा होतो तो स्वतःहून चालू-बंद होणाऱ्या उपकरणांत. तिथे पाटीवरचे वॅट आणि घड्याळातले तास गुणले की उत्तर कित्येक पट फुगते.

गरम पाणी

इथे वॅट विसरून जा आणि पाण्यापासून सुरुवात करा. लिटर × किती अंशांनी तापवायचे ÷ ८६० = युनिट. हिवाळ्यात नळाचे पाणी २० अंश असेल आणि आंघोळीला २० लिटर पाणी ४० अंशांचे हवे असेल, तर २० × २० ÷ ८६० = साधारण ०.४७ युनिट. चार जणांच्या घरात महिन्याला ५६ युनिट. उन्हाळ्यात नळालाच २८ अंशांचे पाणी आले तर माणशी ०.२८ युनिट पुरते.

या हिशेबात गीझर किती वॅटचा आहे हे कुठेच येत नाही. ३००० वॅटचा इन्स्टंट गीझर असो, २००० वॅटचा साठवणीचा असो की १५०० वॅटचा रॉड, तेवढेच पाणी तेवढेच तापवायला वीज जवळजवळ सारखीच लागते. कमी वॅटला वेळ जास्त लागतो, एवढेच. व्होल्टेज उतरले की हाच प्रकार होतो: २३० ऐवजी २०० व्होल्ट मिळाले तर २००० वॅटची कॉइल जेमतेम १५०० वॅट ओढते आणि पाणी उशिरा तापते, पण युनिट वाचत नाहीत.

खरी नासाडी होते ती साठवणीचा गीझर दिवसभर चालू ठेवल्याने. टाकीतली उष्णता बाहेर जात राहते आणि थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान बघून वीज आपोआप चालू-बंद करणारा भाग, ती पुन्हा भरून काढतो. चोवीस तासांत असे किती युनिट जातात ते उपकरणावर चिकटवलेल्या स्टार लेबलवर (वीजबचतीचे तारे दाखवणाऱ्या कागदावर) लिहिलेले असते. ते ३० ने गुणून बघा. १५ लिटरची टाकी २५ वरून ६० अंशांवर न्यायला २००० वॅटला १८-२० मिनिटे पुरतात, त्यामुळे तासभर आधी बटण दाबण्याची गरज नाही.

फ्रिज आणि एसी

फ्रिजचा कॉम्प्रेसर थांबून थांबून चालतो. पाटीवरचे १५० वॅट चोवीस तासांनी गुणले तर महिन्याला १०८ युनिट येतात, आणि हा आकडा साफ चुकीचा असतो. त्याऐवजी स्टार लेबलवरचा वर्षाचा वापर घ्या आणि १२ ने भागा. लेबलवर २०० युनिट असतील तर महिन्याला सुमारे १७. दाराचे रबर सैल झाले असेल, मागची जाळी धुळीने भरली असेल किंवा फ्रिज भिंतीला चिकटून उभा असेल तर प्रत्यक्ष वापर याहून वाढतो. रबर तपासायला कागदाचा तुकडा दारात धरून दार लावा. तो अलगद ओढून निघाला तर रबर पकड सोडत आहे.

एसीचा ‘दीड टन’ हा थंडाव्याचा आकडा आहे, विजेचा नाही. एक टन म्हणजे ३.५१७ किलोवॅट उष्णता बाहेर काढण्याची क्षमता. वीज किती लागते ते लेबलवर १६०० तासांच्या वापराच्या रूपात दिलेले असते. तो आकडा १६०० ने भागला की तासाचा सरासरी वापर मिळतो. लेबलवर ८०० युनिट असतील तर तासाला अर्धा युनिट, रोज ८ तास धरले तर महिन्याला १२०. हाच हिशेब पाटीवरच्या १५०० वॅटने केला असता तर ३६० आले असते. मात्र लेबलचे गणित २४ ते ४३ अंशांपर्यंतची बाहेरची हवा धरून केलेले असते. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात, किंवा वरच्या मजल्यावर तापलेल्या स्लॅबखाली, किंवा १८ अंशांवर लावून ठेवला तर इन्व्हर्टर एसीसुद्धा बराच वेळ पूर्ण भारावर चालतो. तिथे वापर लेबलपेक्षा चांगलाच जास्त धरावा.

मोटर, मिक्सर, मायक्रोवेव्ह

पंपाच्या पाटीवर एचपी (हॉर्सपॉवर) असतो. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट, पण ते मोटरच्या दांड्यावर मिळणारे काम. तारेतून ओढली जाणारी वीज त्याहून जास्त असते. लहान घरगुती पंपांची कार्यक्षमता कमी असल्याने अर्ध्या एचपीला ३७३ नाही, ६००-७०० वॅट धरा. रोज २० मिनिटे चालला तर महिन्याला साडेसहा युनिट. मायक्रोवेव्हचेही तसेच: ‘८०० वॅट’ म्हणजे अन्नाला मिळणारी शक्ती, भिंतीतून १२०० च्या आसपास जाते. ७५० वॅटचा मिक्सर रोज १० मिनिटे चालला तरी महिन्याला पावणेचार युनिटच होतात, त्याची चिंता नको. इस्त्रीचा थर्मोस्टॅट मधूनमधून बंद होतो, म्हणून चालू ठेवलेल्या वेळाच्या साधारण अर्धाच वेळ धरा.

मीटरला विचारा

अंदाजावर विश्वास नसेल तर घराचा मीटर हेच उत्तम मोजमाप आहे. त्याच्या तोंडावर ‘३२०० इम्पल्स प्रति केडब्ल्यूएच’ असा आकडा असतो. काही मीटरवर १६०० किंवा दुसरा आकडाही असतो, तो आधी वाचून घ्या. लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. ज्या उपकरणाची चौकशी करायची ते सोडून बाकीच्या एमसीबी (बोर्डावरचे वीज तोडणारे छोटे स्विच) पाडा. फ्रिज थोडा वेळ बंद राहिल्याने बिघडत नाही. आता १० वेळा लुकलुकायला किती सेकंद लागतात ते मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजा.

वॅट = ३६,००,००० × लुकलुक ÷ (मीटरचा आकडा × सेकंद)

३२०० च्या मीटरवर हे सूत्र ११२५ × लुकलुक ÷ सेकंद इतके सुटसुटीत होते. १० लुकलुकींना १५ सेकंद लागले तर ७५० वॅट. फ्रिजसाठी ही रीत चालत नाही, कारण पाच मिनिटांत दिसते ते फक्त त्या पाच मिनिटांचे. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये बर्फ वितळवणारा हीटरही मधूनच लागतो. त्याला सॉकेटमध्ये लावायचा एनर्जी मीटर दोन-तीन दिवस जोडून ठेवा. गीझर किंवा एसीवर तो लावायचा असेल तर १६ अँपिअरचाच हवा. ६ अँपिअरचा तापून वितळतो.

याच वेळी आणखी एक तपासणी करून घ्या. घरातला मेन स्विच बंद करा. दिवा स्थिर पेटलेला राहिला तर बिघाड नाही, पण तो लुकलुकतच असेल तर मीटर आणि मेन स्विच यांच्यामध्ये कुठेतरी गळती आहे किंवा कोणी तार जोडलेली आहे. अशा वेळी वीज कार्यालयाला कळवा, मीटरच्या सीलला स्वतः हात लावू नका.

बिलाशी ताळा

उदाहरणादाखल हिवाळ्यातला एक महिना: ७५ वॅटचे तीन पंखे १० तास, ६७.५ युनिट. ९ वॅटचे सहा एलईडी ५ तास, ८. फ्रिज १७. ८० वॅटचा टीव्ही ४ तास, ९.६. सेट टॉप बॉक्स आणि राउटर १४.४. मिक्सर ३.७५, कपड्यांचे मशीन थंड पाण्यावर ४, पंप ६.५, इस्त्री ७.५, गरम पाणी ५६. बेरीज १९४ च्या आसपास. पंखे गीझरच्याही पुढे गेले, हे पाटीवरच्या वॅटवरून कधीच लक्षात आले नसते.

आता बिलावरचे ‘चालू रीडिंग’ वजा ‘मागील रीडिंग’ करून बघा. बिल किती दिवसांचे आहे हेही पाहा, कारण ते नेहमी ३० दिवसांचे नसते. सरासरीवर काढलेले बिल असेल तर ताळा करण्यात अर्थ नाही. फरक दहा-पंधरा टक्क्यांत असेल तर हिशेब उत्तम जमला. मोठा फरक असेल तर आधी तास तपासा. माणसे पंख्याचे तास कमी सांगतात आणि एसीचे तर त्याहून कमी.

युनिटचे रुपये करताना एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागू नका. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांत आहे: पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० चे बरेच महाग, मग ३०१ ते ५००, आणि त्यापुढे आणखी महाग. तुम्ही वाचवता ते युनिट सगळ्यात वरच्या टप्प्यातले असतात. म्हणून तुमच्या शेवटच्या टप्प्याचा वीज आकार, त्यात वहन आकार आणि इंधन समायोजन आकार मिळवा आणि १६ टक्के वीज शुल्कासाठी १.१६ ने गुणा. स्थिर आकार यात धरायचा नाही, तो वीज वाचवली तरी भरावाच लागतो. समजा ही बेरीज युनिटला १३ रुपये आली, तर वाचलेला युनिट १५ रुपयांचा. वरच्या घरात तीन पंखे २८ वॅटचे केले तर ४२ युनिट वाचतात, आणि त्यातला प्रत्येक युनिट १०१ ते ३०० च्या टप्प्यातला असतो. पंख्यांची किंमत किती महिन्यांत वसूल होईल ते आपल्या बिलावरचा दर घालून काढा. मुंबई किंवा गोव्यात दुसऱ्या पुरवठादाराचे बिल येत असेल तर टप्पे आणि शुल्क त्या बिलावरूनच घ्यावे लागतील. युनिट काढण्याची रीत तीच.