विश्वास म्हणजे नवस नव्हे : ख्रिस्ती श्रद्धा समजून घेताना आणि जगताना

कोकणात देवाशी बोलायची एक ओळखीची रीत आहे. गाऱ्हाणं घालायचं, नवस बोलायचा, काम झालं की तो फेडायचा. ती इतकी अंगवळणी पडलेली असते की वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत चर्चमध्ये जाणारी माणसंही नकळत तीच बरोबर घेऊन जातात. ख्रिस्ती विश्वास समजून घ्यायचा तर पहिली गाठ इथेच सोडवावी लागते. ख्रिस्ती विश्वासात आधी देव देतो, तेही मागण्याआधी. माणूस जे काही करतो ते त्यानंतर, आभार म्हणून. हा क्रम उलटला की प्रार्थनेचा सौदा होतो, उपवासाचा हप्ता होतो, आणि मागितलेलं मिळालं नाही की विश्वासच बुडाल्यासारखा वाटतो.

वाचायला कुठून घ्यायचं

पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, हातात आलं की बहुतेक जण पहिल्या पानापासून सुरू करतात. उत्पत्ती आणि निर्गम गोष्टींच्या ओढीने पार पडतात. पुढच्या लेवीय या पुस्तकात यज्ञांचे नियम लागले की खुणेची चिठ्ठी महिनोन्‌महिने तिथेच राहते. त्यापेक्षा येशूचं जीवन सांगणारं मार्ककृत शुभवर्तमान आधी घ्या. त्याचे १६ अध्याय मोठ्याने वाचले तरी दीड-दोन तासांत होतात. एकदा सलग वाचा, मग रोज एक अध्याय सावकाश. त्यानंतर लूक, प्रेषितांची कृत्ये, रोमकरांस पत्राचे पहिले ८ अध्याय आणि लगेच याकोबाचं पत्र. ही शेवटची दोन पाठोपाठ वाचायचं कारण आहे. रोमकरांस पत्र लिहिणारा पौल म्हणतो, तारण, म्हणजे पापातून सुटका, कर्मांनी कमावता येत नाही. याकोब म्हणतो, कर्मांवाचून विश्वास निर्जीव आहे. दोघांचं भांडण नाही. एक मुळाबद्दल बोलतो, दुसरा फळाबद्दल.

कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं असतात, प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६. फरक जुन्या करारात आहे. नव्या कराराची २७ पुस्तकं दोन्हीकडे तीच. जुन्या भाषांतराची भाषा जड गेली तर वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' घ्या. एक गोष्ट मात्र टाळा: डोळे मिटून पान उघडायचं, बोट पडेल त्या ओळीला देवाचा कौल मानायचं. ओळीच्या मागचा-पुढचा मजकूर वाचल्याशिवाय ती कोणाला आणि कशासाठी म्हटली आहे हे कळत नाही, आणि अशा कौलावर लग्नं ठरवणारी, औषधं सोडणारी माणसं आहेत.

नेमकं काय मानायचं

सगळ्या शिकवणीचा गाभा प्रेषितांच्या विश्वासांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या थोडक्यात केलेल्या कबुलीत, आहे. तो स्वतःच्या हाताने कागदावर लिहून काढा आणि तीन भाग पाडा: पिता, पुत्र, पवित्र आत्मा. मधला भाग सर्वांत लांब आहे आणि त्यात एका रोमी अधिकाऱ्याचं नाव येतं, पंतय पिलात. हा इ.स. २६ ते ३६ या काळात यहूदीया प्रांताचा सुभेदार होता. त्याचं नाव रोजच्या अंगीकारात ठेवण्यामागे अर्थ आहे: येशूचं मरण ही कोणे एके काळची कथा नाही, ती एका ठिकाणी, एका अधिकाऱ्याच्या हुकमाने घडलेली घटना आहे.

मराठी वाचक इथे ठरावीक शब्दांवर अडतो. त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि आत्मा मिळून एकच देव. हे तीन देव नव्हेत, आणि एकाच देवाची तीन सोंगंही नव्हेत. पाणी, बर्फ आणि वाफ हे उदाहरण सर्रास दिलं जातं, पण ते चुकीचं आहे, कारण तेच पाणी एका वेळी एकच रूप घेतं. मार्क १:९-११ वाचा. पुत्र यार्देन नदीत उभा आहे, आत्मा कबुतरासारखा उतरतो आहे, पित्याची वाणी आकाशातून येते आहे. तिघं एकाच वेळी आहेत आणि देव एकच आहे. देहधारण या शब्दाऐवजी अवतार म्हटलं की पुन्हा पुन्हा येणं मनात येतं. ख्रिस्ती शिकवणीत देव एकदाच माणूस झाला, आणि तो पूर्ण देव व पूर्ण माणूस आहे, असं इ.स. ४५१ मध्ये खाल्केदोन इथे भरलेल्या धर्माध्यक्षांच्या परिषदेने शब्दांत बांधलं. पुनरुत्थान म्हणजे पुनर्जन्म नव्हे. आत्मा दुसऱ्या देहात जात नाही. मेलेला तोच येशू देहासह उठला. पौल करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १५व्या अध्यायात साक्षीदारांची यादीच देतो आणि स्पष्ट सांगतो की ख्रिस्त उठला नसेल तर आमचा विश्वास व्यर्थ आहे.

आणि कृपा. आंब्याचं कलम बांधताना पाहिलेल्याला ही चटकन कळेल. रायवळच्या कोवळ्या रोपाचा शेंडा छाटायचा, खोडाला उभी चीर द्यायची, हापूसची पाचरीसारखी तासलेली काडी तिच्यात बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायचं. पट्टी सैल राहिली, सांध्यात पाणी शिरलं किंवा काडी हलली, तर ती सुकते. धरली, तर काही वर्षांनी फळ येतं. फळ आलं म्हणून कलम लागत नाही. कलम लागलं म्हणून फळ येतं. पौलानेही कलमाचंच उदाहरण दिलं आहे, पण आपल्या बागायतदाराच्या उलट. आपण रानटी मुळावर चांगली काडी बांधतो. तो रोमकरांस पत्राच्या ११व्या अध्यायात म्हणतो, तुम्ही रानटी जैतुनाची फांदी आहात आणि चांगल्या झाडावर लावले गेला आहात. हे निसर्गाविरुद्ध आहे हेही तो स्वतःच सांगतो. रस मुळाचा, देणगी मुळाची. फांदीने करायचं ते एवढंच, सांधा सुटू द्यायचा नाही. कृपा म्हणतात ती हीच.

रोजचा दिवस

पंधरा मिनिटं पुरतात, पण वेळ ठरलेली हवी. सकाळी मासळीचा लिलाव गाठायचा असेल तर रात्रीची ठेवा. पाच मिनिटं वाचन, पाच मिनिटं गप्प बसणं, पाच मिनिटं बोलणं. बोलायला शब्द सुचत नसतील तर येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना एकेक ओळ थांबत म्हणा. पहिल्या मागण्या देवाच्या नावाच्या, राज्याच्या आणि इच्छेच्या आहेत. भाकरीची त्यानंतर येते, आणि तीही 'आमची', 'माझी' नव्हे. स्तोत्रं १५० आहेत, रोज पाच म्हटली की महिन्यात एक फेरी होते. होडीवर जाणाऱ्यांनी १०७व्या स्तोत्रातल्या २३ ते ३० या ओळी पाठ कराव्यात. वादळात डोलणारी गलबतं आणि दारूड्यासारखी झुलणारी माणसं तिथे जशीच्या तशी आहेत.

रात्री झोपण्यापूर्वी दिवस तपासा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा जाळी पसरून हाताने चाचपत फाटलेलं शोधतात, तसंच. आज कुठे खोटं बोललो, कोणाला टाळलं, कशाबद्दल आभार मानायचे राहिले. जे सापडेल ते नाव घेऊन देवापुढे ठेवा. 'मी पापी आहे' असं मोघम म्हणणं सोपं असतं आणि त्याने काही बदलत नाही.

ईस्टरआधीचा उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो; रविवार वगळून ४० दिवस. कॅथलिकांना राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार हे दोन दिवस उपवासाचे, एकच पूर्ण जेवण, वयाची अट १८ ते ५९. मांस सोडून महागडं पापलेट आणलं तर नियम मोडत नाही, पण उपवासही घडत नाही. वाचलेले पैसे भुकेल्याकडे गेले पाहिजेत. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ५८वा अध्याय नेमकं हेच मागतो.

भांडण मिटवताना

विश्वासाची खरी परीक्षा इथे होते. सामाईक बाग, सरकलेला बांध, वहिवाटीच्या वाटेला घातलेलं कुंपण. मत्तय १८:१५-१७ मध्ये येशूने पायऱ्या घालून दिल्या आहेत: आधी एकट्याने जाऊन बोल, ऐकलं नाही तर एक-दोघांना बरोबर ने, तरीही नाही तर मंडळीला, म्हणजे चर्चच्या लोकांना, सांग. आपल्याकडे आधी वाडीभर चर्चा होते, मग वकील येतो, आणि भावाशी बोलणं शेवटी, तेही कोर्टाच्या व्हरांड्यात.

पहिल्या भेटीला कागद नेऊ नका. एकच गोष्ट बोला: 'दादा, गेल्या पावसाळ्यात बांध दोन हात आत आला, त्याचं मला वाईट वाटलं.' 'तुम्ही नेहमीच असं करता' म्हणालात की वीस वर्षांपूर्वीचं फणसाचं झाडही बाहेर निघतं. मग ऐका, मध्ये न बोलता. क्षमा करणं म्हणजे सातबारा सोडून देणं नव्हे. नोंद नीट करून घ्या, सूड सोडा. घरात मार खाणाऱ्या बाईला 'क्षमा कर आणि परत जा' असं सांगणारा माणूस येशूचं नाव वापरतो, शिकवण नाही. तिला आधी सुरक्षित जागा मिळायला हवी.

पैसा आणि आजार

वाशीच्या बाजारातून आंब्याच्या विक्रीची पट्टी, म्हणजे हिशेब आणि पैसे, आली की दानाचा भाग आधी बाजूला काढा. उरलेल्यातून द्यायचं ठरवलं की उरत नाही. किती, ते मनात ठरवून द्या, कुरकुरत नको (२ करिंथ ९:७). अमुक रक्कम दिली की आजार जाईल असं सांगणारा भेटला तर उठून निघा. तोच जुना नवस आहे, फक्त नाव बदललेलं. आजाऱ्यासाठी प्रार्थना जरूर करावी, मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी तेल लावून करावी असं याकोबाच्या ५व्या अध्यायात आहे, पण टीबीची किंवा बीपीची गोळी त्यासाठी बंद करू नये. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता.

कोरडे दिवस

ते येतातच. प्रार्थना भिंतीवर आदळून परत येते असं वाटतं, आणि त्या काळात बरेच जण आधी उपासनेला जाणं सोडतात. योहानाच्या शुभवर्तमानाच्या २०व्या अध्यायात येशूचा शिष्य थोमा म्हणतो की हातातले खिळ्यांचे व्रण पाहिल्याशिवाय मी विश्वास ठेवणार नाही. तरी आठ दिवसांनी तो त्याच घरात, त्याच शिष्यांबरोबर होता, आणि येशू तिथेच त्याला भेटला. तेव्हा रविवार चुकवू नका; गावात चर्च नसेल तर दोन घरांनी मिळून बसा. शंका फादरांना किंवा पाळकांना सरळ विचारा. ८८वं स्तोत्र वाचा, ते शेवटपर्यंत अंधारातच आहे आणि तरी देवाशीच बोलतं. तेही जड गेलं, तर मार्क ९:२४ मधल्या बापाचं एवढंच म्हणा: माझा विश्वास आहे, माझा अविश्वास काढून टाक. त्याचा मुलगा त्यानंतर बरा झाला.