कॅटमधील उताऱ्यांवरचे प्रश्न कसे सोडवावेत

व्यवस्थापन अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या कॅट परीक्षेच्या इंग्रजी विभागासाठी ४० मिनिटे मिळतात आणि २०२४ च्या परीक्षेत त्यातील २४ प्रश्नांपैकी १६ प्रश्न चार उताऱ्यांवर आधारलेले होते. म्हणजे एका उताऱ्याला, त्यावरच्या चार प्रश्नांसह, सात-आठ मिनिटांहून अधिक वेळ देणे परवडत नाही. आधी चारही उताऱ्यांच्या पहिल्या काही ओळी पाहून क्रम ठरवावा. विषय ओळखीचा आहे म्हणून उतारा सोपा असतोच असे नाही, उलट आपलीच माहिती उत्तरात मिसळण्याचा धोका तेथे अधिक असतो.

वाचताना प्रत्येक परिच्छेदात लेखक काय करतो आहे, म्हणजे मत मांडतो, उदाहरण देतो की दुसऱ्याचे मत खोडून काढतो, हे मनाशी नोंदवावे; ‘परंतु’, ‘तथापि’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द आले की वेग कमी करावा, कारण लेखकाची खरी भूमिका बहुधा त्यांच्यानंतरच उलगडते.

खरी कसोटी पर्यायांची असते. दोन पर्याय उरले की बरोबर कोणता हे शोधण्यापेक्षा चुकीचा कोणता हे शोधावे: ‘काही’ऐवजी ‘सर्व’ म्हणणारा, उताऱ्यातलेच शब्द वापरून कारण आणि परिणाम यांची अदलाबदल करणारा, किंवा स्वतंत्रपणे खरा असूनही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर नसलेला. यांपैकी शेवटचा सर्वांत फसवा असतो. बरोबर उत्तराला तीन गुण मिळतात आणि चुकीच्या पर्यायासाठी एक वजा होतो, त्यामुळे दोन पर्याय खात्रीने बाद झाले असतील तर प्रश्न कोरा सोडू नये.